ऊन भरपूर, तरी मुडदूस: पांढरकवड्याकडच्या एका मुलीच्या ‘व्हीडीआर’ जनुकाची तपासणी

यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा, झरी, मारेगाव या पट्ट्यात वाकड्या पायांचे मूल दिसले की पहिला संशय पाण्यावर जातो. तो संशय उगाच नसतो. इथल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्यापुढे दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे बिघडतात. म्हणून या प्रकरणातली मुलगी पाचेक वर्षांची होईपर्यंत तिच्या पायांचे कारण गावाने, आशाताईंनी आणि दवाखान्यानेही पाण्यातच शोधले. पण त्याच पाण्यावर वाढलेल्या तिच्या भावाचे पाय सरळ होते, आणि हिच्या डोक्यावर केस नव्हते. या दोन गोष्टी कोणी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

हे कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वयाचे आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत, जनुकातल्या बदलाचा नेमका क्रमांकही त्याच कारणाने दिलेला नाही. यातला माझा भाग प्रयोगशाळेचा. नागपुरात आमचा लहानसा गट पेशींमध्ये हार्मोन रिसेप्टर, म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारी प्रथिने, कसे काम करतात ते पाहतो. मुलीवर उपचार करणारे डॉक्टर वेगळे आहेत. त्यांच्या नोंदी आणि आमचे प्रयोग मिळून हे प्रकरण होते.

मुलगी

जन्मली तेव्हा तिला जावळ होते. पहिल्या काही महिन्यांत ते झडले आणि पुन्हा उगवलेच नाही. जावळ कधी काढले असे डॉक्टरांनी आजीला विचारले, तेव्हा आजी म्हणाली, “काढाले केस उरलेच कुठी होते जी?” हा प्रश्न विचारणारे ते पहिले डॉक्टर होते, आणि माझ्या मते प्रकरणाचा अर्धा निकाल तिथेच लागला.

चालायला लागली तशा मांड्या आणि पिंढऱ्या बाहेरच्या बाजूने वाकत गेल्या. मनगटे रुंद झाली, छातीच्या फासळ्यांवर गाठी आल्या, रात्री पाय दुखतात म्हणून रडायची. मुडदूस हे निदान तसे लवकर झाले होते. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या झाल्या, नंतर मोठ्या डोसचे इंजेक्शन झाले, उन्हात बसवत जा असेही सांगून झाले. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या जिल्ह्यात, आईबरोबर दिवसभर कापसाच्या धुऱ्यावर बसणाऱ्या मुलीला आणखी ऊन काय देणार होते? फरक पडला नाही. मग पुन्हा पाण्यावर बोट गेले.

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या बालरोगतज्ज्ञांनी जावळाचे विचारले, त्यांनीच मनगटाचा एक्स-रे काढला. फ्लोराइडने बिघडलेले हाड बहुतेक वेळा एक्स-रेवर नेहमीपेक्षा दाट आणि पांढरे दिसते. इथे उलटे होते. हाडांची वाढती टोके रुंदावलेली, खोलगट आणि कडेला उसवलेली होती. रक्तात कॅल्शियम कमी, फॉस्फेट कमी, हाडांच्या बिघाडात वाढणारे अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम कितीतरी वाढलेले आणि कॅल्शियम घटले की चढणारे पॅराथायरॉइड हार्मोनही चढलेले. ड जीवनसत्त्वाचा साठा मात्र पुरेसा होता. मग त्यांनी सहसा कोणी मागवत नाही ती तपासणी मागवली, कॅल्सिट्रायॉलची. ते फारच जास्त निघाले.

थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळे प्रकरण इथे फिरते. उन्हाने त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्व हे कच्चे द्रव्य आहे. यकृतात त्याला एक हायड्रॉक्सिल गट लागतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग तयार होते ते कॅल्सिट्रायॉल. हे खरे तर हार्मोन आहे. ते पेशीत शिरते आणि व्हीडीआर (व्हिटॅमिन डी रिसेप्टर) नावाच्या रिसेप्टरला धरते. हार्मोन बसलेला व्हीडीआर आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करतो, आणि ती जोडी डीएनएवरच्या ठराविक अक्षरांवर बसून जनुके चालू करते. एकट्या बैलाने वखर ओढला जात नाही, तसे व्हीडीआरला इथे एकट्याने काम जमत नाही. आतड्यातून कॅल्शियम ओढून घेणारी जनुके या जोडीच्या भरवशावर आहेत. हार्मोन भरपूर आणि तरी कॅल्शियम कमी, याचा अर्थ निरोप निघतो आहे पण पेशीत कोणी तो घेत नाही. हार्मोनला दाद न देणाऱ्या या मुडदुसाचे पहिले वर्णन १९७८ मध्ये झाले आणि १९८८ मध्ये त्याचे मूळ व्हीडीआर जनुकातल्या बदलांत सापडले.

केसांचा धागाही इथलाच. १९९७ मध्ये जपानमध्ये आणि बोस्टनमध्ये व्हीडीआर नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना मुडदूस झाला आणि त्यांचे केसही गेले. त्यांना भरपूर कॅल्शियम, फॉस्फरस आणि लॅक्टोज (दुधातली साखर) असलेला आहार दिला तेव्हा हाडे सुधारली, केस आले नाहीत. केसांच्या मुळाला ड जीवनसत्त्व लागत नाही, रिसेप्टर मात्र लागतो, तोही आरएक्सआरशी जोडी करू शकणारा. म्हणून ज्या मुलांमध्ये फक्त हार्मोन धरण्याची जागा बिघडलेली असते, त्यांचे केस बहुधा शाबूत राहतात. या मुलीच्या बोडक्या डोक्यात रिसेप्टरचा कोणता भाग तपासायचा याची खूण होती.

अहवाल

जनुक तपासणीत व्हीडीआरच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला. ४२७ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात एका जागी एकाऐवजी दुसरे आम्ल. आईकडे एक बिघडलेली प्रत, वडिलांकडे एक. मुलीची आई आणि वडील मामे-आतेभावंडे आहेत, मामाच्या मुलीशी लग्न ही त्या घरातली जुनी रीत. भावाला एकच बिघडलेली प्रत आली होती, म्हणून तो निरोगी.

पण हा नेमका बदल आधी कोणी नोंदवलेला नव्हता. संगणकाच्या अंदाजांपैकी काहींनी घातक म्हटले, काहींनी चालेल म्हटले. अहवालाचा शेवट असा: महत्त्व अनिश्चित. म्हणजे आजार याच बदलामुळे आहे की नाही, ते सांगता येत नाही.

आजार इतका स्पष्ट असताना हा बदलच दोषी, असे म्हणून पुढे का जाऊ नये? असे मला अनेकांनी विचारले, डॉक्टरांनीही. दोन कारणे आहेत. नात्यातल्या लग्नातून झालेल्या मुलांमध्ये गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे दोन्ही बाजूंनी सारखेच येतात. त्या तुकड्यात दहा बदल असले तरी दहाही दुहेरीच दिसणार. त्यामुळे ‘दुहेरी आहे आणि मूल आजारी आहे’ एवढ्यावर नेमका एक बदल पकडून दोषी ठरवणे कच्चे आहे. दुसरे कारण उपचाराचे. काही बदलांत रिसेप्टर मेलेला नसतो, फक्त हार्मोन सैल धरतो किंवा आरएक्सआरशी जोडी नीट जमवत नाही. अशा काही मुलांना कॅल्सिट्रायॉलचा खूप मोठा डोस लागू पडल्याची उदाहरणे आहेत. इतरांत तो डोस म्हणजे वाया गेलेले पैसे आणि वाया गेलेले महिने. कोणता प्रकार आहे हे अहवालाच्या कागदावर दिसत नाही. पेशीत पाहावे लागते.

प्लाझ्मिड

पूर्वी अशा वेळी मुलाच्या त्वचेचा तुकडा काढून त्यातल्या पेशी वाढवत आणि त्यांना कॅल्सिट्रायॉल देऊन पाहत. आता त्याची गरज नाही. निरोगी माणसाचा व्हीडीआर जनुक प्लाझ्मिडवर तयार मिळतो. जिवाणूत सहज वाढणारे डीएनएचे छोटे वर्तुळ म्हणजे प्लाझ्मिड. त्यात एक अक्षर बदलले की मुलीचा रिसेप्टर हातात येतो, तिच्या अंगाला सुईही न लावता. घरच्यांना हे सांगितले तेव्हा तिच्या आईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

अक्षर बदलण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. हवा तो बदल असलेले दोन छोटे प्रायमर, म्हणजे सुरुवात करून देणारे डीएनएचे तुकडे, घेऊन सगळे वर्तुळ पीसीआर या प्रती काढण्याच्या पद्धतीने नव्याने लिहून काढायचे. मूळ वर्तुळ जिवाणूत वाढलेले असल्याने त्यावर मिथाइल गटांच्या खुणा असतात, नव्यावर नसतात. डीपीएन-१ हे एन्झाइम खुणा असलेलेच कापते, त्यामुळे मूळ नष्ट होते आणि बदललेले उरते. ते ई. कोलाय या जिवाणूत घालून, प्लाझ्मिड घेतलेलेच जिवाणू जगावेत म्हणून अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर वाढवायचे आणि पूर्ण जनुक वाचून घ्यायचा. पूर्ण म्हणजे पूर्ण. हवा तो बदल आला आणि दुसरीकडे नको तोही आला, तर सगळा प्रयोग भलत्याच गोष्टीबद्दल बोलेल. या कामासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता लागते, ती आधीच घेतलेली होती.

दुसरे प्लाझ्मिड उजेडाचे. कॅल्सिट्रायॉल स्वतःलाच मोडून टाकणाऱ्या एका एन्झाइमचा जनुक चालू करते, सीवायपी२४ए१. त्याच्या सुरुवातीच्या पट्ट्यात व्हीडीआर-आरएक्सआरची जोडी जिथे बसते त्या जागा आहेत. तोच पट्टा काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकापुढे जोडला की रिसेप्टरने काम केले तर पेशीत ल्युसिफरेज तयार होते, ल्युसिफेरिन घातल्यावर उजेड पडतो आणि यंत्र तो मोजते. तिसरे प्लाझ्मिड रेनिला या समुद्री जिवाच्या ल्युसिफरेजचे. ते हार्मोनकडे लक्ष देत नाही. प्रत्येक वाटीतल्या किती पेशींनी डीएनए घेतला याचा हिशेब त्यावरून लावायचा. काजव्याचा उजेड भागिले रेनिलाचा उजेड, हाच खरा आकडा.

पेशी कॉस-७ घेतल्या. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या या पेशींत स्वतःचा व्हीडीआर नगण्य असतो, त्यामुळे जो उजेड पडेल तो आपण घातलेल्या रिसेप्टरचाच.

दोन गोष्टींची काळजी इथे फार घ्यावी लागते, म्हणून लिहून ठेवते. पेशींच्या खाद्यात घालतात त्या सीरममध्ये हार्मोन आधीपासून असतात. ते कोळशाने काढून टाकलेले सीरम वापरले नाही तर डोस देण्याआधीच उजेड पडतो. आणि मे महिन्यात नागपुरात पेशी वाढवायच्या तर आधी खोली सांभाळावी लागते. इनक्युबेटर ३७ अंश धरते ते तापवून. आतले तापमान उतरवायचे साधन त्यात नसते. खोलीच फार तापली की आतला पारा ३७च्या वर सरकतो, आणि पेशी त्रासात असताना मिळालेल्या आकड्यांवर एका मुलीचे निदान ठरवणे मला मान्य नाही. म्हणून महत्त्वाची मोजमापे पावसाळा लागल्यावर पुन्हा केली. आधीच्या आकड्यांशी ती जुळली.

उजेड

प्रत्येक फेरीत चार प्लाझ्मिड शेजारी शेजारी ठेवले: निरोगी व्हीडीआर, मुलीचा व्हीडीआर, रिसेप्टर नसलेले रिकामे प्लाझ्मिड आणि ७३व्या जागी अर्जिनिनऐवजी ग्लुटामिन असलेला व्हीडीआर. हा शेवटचा १९८८ पासून दोषी म्हणून माहीत असलेला बदल. तो डीएनए धरणाऱ्या भागातच असल्याने त्याने उजेड देताच कामा नये. दिला असता तर आमची पद्धतच खोटी ठरली असती. त्याने दिला नाही.

निरोगी रिसेप्टर नॅनोमोलर डोसपाशी चांगला पेटला. मुलीचा रिसेप्टर त्या डोसला रिकाम्या प्लाझ्मिडपेक्षा वेगळा दिसत नव्हता. डोस वाढवत १०० नॅनोमोलरपर्यंत नेला, म्हणजे रक्तातल्या नेहमीच्या पातळीच्या साधारण हजारपट, तेव्हा कुठे अंधुक प्रतिसाद आला. वारंवार तिथेच आला.

आता इथे घाई करणाऱ्याने ‘रिसेप्टर निकामी’ लिहून फाइल बंद केली असती. पण उजेड न पडण्याची कारणे अनेक असतात. प्रथिनच तयार होत नसेल, तयार होऊन मोडत असेल, केंद्रकात जात नसेल. म्हणून वेस्टर्न ब्लॉट केला, म्हणजे पेशीतली प्रथिने वजनानुसार वेगळी करून त्यातले हवे ते ओळखण्याची चाचणी. व्हीडीआरच्या वजनाला, सुमारे ४८ किलोडाल्टनपाशी, मुलीच्या रिसेप्टरची पट्टी निरोगी इतकीच गडद होती. व्हीडीआरला हिरवे चमकणारे प्रथिन जोडलेले प्लाझ्मिड घालून पाहिले, तर हार्मोन दिल्यावर तो केंद्रकातच जात होता. म्हणजे रिसेप्टर आहे, पोचतो आहे, आणि तरी काम होत नाही.

मग जोडी तपासली. त्यासाठीचे साधन मला या सगळ्या कामात सर्वांत देखणे वाटते. एका प्लाझ्मिडवर यीस्टच्या गॅल४ प्रथिनाचा डीएनए धरणारा भाग आरएक्सआरला जोडलेला. दुसऱ्यावर हर्पिस विषाणूच्या व्हीपी१६ प्रथिनाचा जनुक जागवणारा भाग व्हीडीआरला जोडलेला. तिसऱ्यावर गॅल४च्या जागा आणि त्यांच्या पुढे काजव्याचा जनुक. गॅल४ जागा धरून बसते, पण पेटवू शकत नाही. व्हीपी१६ पेटवू शकते, पण त्याला जागा नाही. आरएक्सआर आणि व्हीडीआर एकमेकांना धरतील तेव्हाच दोन्ही एका ठिकाणी येतात आणि उजेड पडतो. रिसेप्टरचे भाग असे सुटे करून दुसऱ्याला जोडले तरी आपापले काम करतात, हे १९८७ मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टरला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरचा डीएनए धरणारा भाग लावून दाखवले गेले होते. तेव्हापासून या क्षेत्रातली निम्मी साधने त्या एका कल्पनेवर उभी आहेत.

निरोगी व्हीडीआरने आरएक्सआरला हार्मोन देताच धरले. मुलीच्या व्हीडीआरची पकड फारच कमकुवत निघाली. शेवटची पडताळणी म्हणून पहिल्याच प्रयोगात आरएक्सआरचे जादा प्लाझ्मिड घातले. जोडीदार इतका वाढवला की कमकुवत पकडीलाही तो सापडावा. मुलीच्या रिसेप्टरचा उजेड मोठ्या डोसला बराच वर आला, निरोगी इतका नाही, पण नजरेत भरावा इतका. दोष जोडी जमण्यात आहे हे त्यातून पक्के झाले. आजीने सांगितलेल्या जावळाशीही ते जुळले.

निकालाचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

जनुकातल्या बदलांचे वजन ठरवण्यासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली आणि आता सगळीकडे वापरली जाणारी जी नियमावली आहे, तिच्यात भरवशाच्या कार्य-चाचणीला भक्कम पुराव्याचे स्थान आहे. आमचे निकाल, कुटुंबात हा बदल कोणाकोणाकडे आहे ते आणि आजाराचे स्वरूप एकत्र धरून जनुकतज्ज्ञांनी अहवाल सुधारला. बदल रोगकारक ठरला.

उपचाराबाबत मात्र मी डॉक्टरांना जपूनच सांगितले. वाटीतल्या पेशींत प्लाझ्मिडमुळे रिसेप्टर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनतो. तिथे हजारपट डोसला दिसलेली अंधुक हालचाल मुलीच्या आतड्यात तशीच होईल असे मानायला आधार नाही, आणि जादा आरएक्सआर तिच्या आतड्यात घालता येत नाही. त्यांनी कॅल्सिट्रायॉलचा मोठा डोस ठरावीक मुदतीपुरता देऊन पाहिला. कॅल्शियम हलले नाही, तेव्हा तो थांबवला. मुदत आधी ठरवलेली होती म्हणून महिने वाया गेले नाहीत.

पुढचा रस्ता रिसेप्टरला वळसा घालणारा होता. १९८६ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी अशा मुलांना दीर्घकाळ रात्री शिरेतून कॅल्शियम देऊन मुडदूस बरा होतो हे दाखवले होते. उंदरांचा प्रयोग तेच सांगतो: हाडांना मुख्यतः कॅल्शियम हवे, ते आतड्यातून येत नसेल तर दुसऱ्या वाटेने द्या. लिहायला हे एक वाक्य आहे. पांढरकवड्याकडच्या घराला त्याचा अर्थ असा, की आई मुलीबरोबर महिनोन्महिने नागपूरच्या रुग्णालयात, वेचणीचा हंगाम बुडालेला, मुलगा आजीकडे, आणि कॅल्शियम देण्यासाठी छातीजवळ शिरेत घातलेल्या नळीला जंतुसंसर्ग होईल का ही रोजची धास्ती. नळी लावून घरी पाठवणे कोणालाच सुरक्षित वाटले नाही. मला सगळ्यांत जास्त मान त्या आईचा वाटतो. प्रयोगशाळेतले कोणतेही काम त्या मुक्कामाइतके अवघड नव्हते.

रात्रीचे दुखणे आधी थांबले. मग अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन उतरत गेले, आणि एक्स-रेवर मनगटाच्या उसवलेल्या कडा भरून आल्या.

सुधारलेला अहवाल समजावून सांगायला जनुकतज्ज्ञांबरोबर मीही होते. आई म्हणाली, “मंग पाण्यानं नाही झालं म्हणता?” नाही, पाण्याने नाही. पण त्या गावच्या पाण्यातले फ्लोराइड खरेच जास्त आहे आणि दोन्ही मुलांसाठी वेगळे पाणी भरा, हेही त्याच बैठकीत सांगितले. एक कारण सापडले म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. आजीने विचारले, “नात्यात देल्ली म्हनून झालं काय हे?” तिच्या आवाजात स्वतःला दोष देणे होते. जनुकतज्ज्ञांनी तिला सांगितले ते मला योग्य वाटले: आजी, असे झाकलेले बदल प्रत्येक माणसात असतात, माझ्यातही आहेत. नात्यात लग्न झाले की तोच बदल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, एवढेच. तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात आजाराची शक्यता चारात एक, हेही आईवडिलांना स्वच्छ सांगितले.

त्याच घरात आणखी एक लग्न ठरत होते, मुलीच्या काकाचे, पुन्हा मामाच्या मुलीशी. बदल ‘अनिश्चित’ होता तोवर कोणताही जबाबदार तज्ज्ञ त्यावरून वाहक तपासणी करून सल्ला देणार नाही. रोगकारक ठरल्यावर ती करता आली. काकाकडे एक प्रत निघाली, नवरीकडे एकही नाही. त्यांच्या मुलांपैकी काही वाहक असू शकतील, पण हा आजार त्यांना होणार नाही. लग्न झाले.

मुलगी आता तोंडाने कॅल्शियम घेते, दिवसातून अनेकदा विभागून, जेवणाच्या वेळा सांभाळून. लघवीतले कॅल्शियम आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी ठरलेल्या अंतराने होते, कारण इतक्या कॅल्शियमने खडे होऊ शकतात. दातांवरचे आवरण कच्चे आहे, त्याचे काम चालू आहे. केस आलेले नाहीत, येणार नाहीत हे घरच्यांना सांगितले आहे. पायांचा बराचसा बाक वाढीबरोबर कमी होतो आहे. उरेल त्यावर शस्त्रक्रिया करायची की नाही, ते हाडांचे डॉक्टर तिची उंची आणखी वाढल्यावर ठरवतील.